वाजवून घेतलेली फळी

द्वारकाआत्याने पदर खोचला, वाळूत उभ्या करून ठेवलेल्या सर्फबोर्डासमोर वाकली आणि बोटाच्या पेराने त्यावर टकटक केलं. मग कान जवळ नेला. मग पुन्हा टकटक.

"ही फळी चांगली आहे," ती मला म्हणाली. "ऐक की आवाज. खणखणीत!"

रॉकी सर गॉगल कपाळावर चढवून तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या क्लासात तऱ्हेतऱ्हेची माणसं येत असतील, पण बोर्ड वाजवून बघणारं गिऱ्हाईक बहुधा पहिलंच.

"मॅडम, फायबरचा आहे. बाहेरून मागवलेला," ते म्हणाले.

"असू दे, असू दे," आत्या म्हणाली. त्यांचा काही गुन्हा होता आणि तिने तो मोठ्या मनाने पोटात घातला, असा एकूण सूर होता.

बार्शीला आमचं भांड्यांचं दुकान आहे. आत्याचे यजमान लवकर गेले, तेव्हापासून ती आमच्याकडेच. वडील उधारी-वसुली आणि बाहेरचं बघायचे, पण गल्ल्यावर राज्य तिचं. हंडा असो, पातेलं असो, ती ते उचलायची, पालथं घालायची आणि पेराने वाजवायची. आवाज खणखणीत आला की माल चोख. बद्द आला की कुठेतरी चीर आहे, जोड आहे, काहीतरी लपवलंय. या परीक्षेवर तिचा इतका विश्वास होता की कलिंगडं, नारळ, फरश्या, दारं, सगळं ती वाजवून घ्यायची. गावातली निम्मी लग्नं तिने जमवली होती. नवरामुलगा हाताच्या अंतरावर बसला असता तर तिने त्यालाही वाजवून बघितलं असतं.

गल्ल्याच्या वर भिंतीला एक पाटी होती. आजोबांच्या वेळची, निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं: 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' रोज सकाळी देवाची तसबीर पुसून झाली की आत्या त्याच फडक्याने पाटीही पुसायची. पाटीला उदबत्तीही ओवाळते का, असं एकदा मी विचारलं होतं. तिला ते आवडलं नव्हतं.

माझंही लग्न तिनेच जमवलं होतं. मुलगा पुण्यात इंजिनिअर, स्वतःचा फ्लॅट, घरात कुणाला कसलं व्यसन नाही. "खणखणीत स्थळ," असं ती तेव्हा सगळ्या गल्लीला सांगत सुटली होती. ते लग्न मोडून मी बार्शीला परत आले त्याला वर्ष झालं होतं, आणि आता अकलूजचं एक स्थळ आलं होतं. बिजवर, पेट्रोल पंप, एक मुलगी. माणसं सालस. वडिलांनी त्यांना सांगून टाकलं होतं, "सोमवारी कळवतो." मला विचारलं तेव्हा मी काहीच बोलले नाही. आमच्या घरात बाईमाणूस गप्प बसलं की तो होकार समजतात, हे मला चांगलं माहीत होतं. नको म्हणायचं होतं. पण नको म्हणायला कारण लागतं, आणि माणसं चांगली असली की कारण कुठून आणायचं, तेच मला समजत नव्हतं.

त्याच दिवसांत मोबाइलवर मी एका बाईला बघितलं. माझ्याहून जाड, माझ्याहून मोठी. समुद्रात फळीवर उभी राहायची, धाडकन पडायची, आणि नाकातोंडातलं पाणी पुसत स्वतःच खो खो हसायची. मी ते परत परत लावून बघितलं. जेवताना वडिलांना सांगितलं, "मला सर्फिंग शिकायला जायचंय. मालवणकडे शिकवतात."

"म्हणजे काय करायचं?"

"लाटेवर फळी घेऊन उभं राहायचं."

"मग?"

"मग पडतात."

"मग?"

"परत उभं राहतात."

वडिलांनी चष्मा काढून ताटाशेजारी ठेवला. आत्याकडे बघितलं. आत्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाली, "जाऊ दे की. पण एकटी नको. मी येते. क्लास नीट बघून घ्यायला पाहिजे." मग माझ्याकडे वळून, "पण ठरवायचं तू हां, हेमे. मी नुसती बघायला येणार."

आत्याचं 'नुसतं बघायला येणं' साऱ्या तालुक्याला ठाऊक होतं. एसटीत ती बसली तेव्हा अंगावर तीच मोरपंखी साडी होती, जी ती मुलगा बघायला जाताना नेसायची.

तर रॉकी सरांचा क्लास हे आमचं दुसरं स्थळ. पहिलं आम्ही त्याच सकाळी किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला बघून आलो होतो. तिथे माडाच्या झावळ्यांची एक खोप होती, आणि खोपीला टेकवलेले निळे, मोठ्ठाले, उन्हाने विटलेले बोर्ड. आत्याने पहिल्याच बोर्डावर टकटक केलं. आवाज आलाच नाही. तिने जोरात टकटक केलं. बद्द. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू पातेल्याच्या बुडाला भोक सापडलंय.

क्लास चालवणारा सगुण, पंचविशीतला काळासावळा मुलगा, दोरीच्या झोपाळ्यात पडून कुणाशी तरी फोनवर बँडवाल्याचं बोलत होता. आम्हाला बघून उठला. आत्या तिथल्या खुर्चीत बसली आणि सुरू झाली.

"गाव हेच?"

"होय."

"घरात कोण कोण?"

"आवस आणि मी."

"शिक्षण?"

"बारावी. मगे हो कोर्स केलंय, बुडणाऱ्याक वाचवण्याचो."

"दारूबिरू?"

"नाय."

"डोळ्याला नंबर?"

समुद्रात माणसांवर नजर ठेवणाऱ्याला हा प्रश्न गैर नव्हता, पण तोवर खोपीच्या मागून त्याची आई सरबताचे पेले घेऊन आली होती. तिने मोरपंखी साडी बघितली, मला खालून वर न्याहाळलं, आणि पेले खाली ठेवत वाईट वाटल्यासारखं म्हणाली, "बाय, तुमी जरा उशीर केलास. आमच्या झिलाचा लगीन ठरला हा."

"अहो, आम्ही क्लास बघायला आलोय!" आत्या जवळजवळ ओरडली.

"तसाच म्हणतत सगळे," आई समजूतदारपणे म्हणाली.

सगुणचे कान लाल झाले. तो घाईघाईने माझ्याकडे वळला. "पोहाक येता?"

"विहिरीत शिकलेय."

"मगे बरा. पयल्या दिवशी मी उभ्या करूचंय नाय. नुसता पडाक शिकवतंय."

"पडायला?" आत्या म्हणाली. "पडायला क्लास कशाला लागतोय?"

तिथेच ते स्थळ बारगळलं. रॉकी सरांकडे मात्र पत्र्याची शेड होती, कपडे बदलायला खोली होती, बक्षिसांचे फोटो होते, आणि मुख्य म्हणजे खणखणीत बोर्ड होते. "पहिल्याच दिवशी उभं करतो. गॅरंटी," रॉकी सर म्हणाले. गॅरंटी या शब्दाने आत्याचा चेहरा फुलला. मला पोहता येतं का, हे त्यांनी विचारलं नाही. ते माझ्या लक्षात आलं होतं. पण आत्या त्या बोर्डावरून असा हात फिरवत होती, जसा दिवाळीच्या मालातल्या पहिल्या हंड्यावरून फिरवते.

"तू ठरव," ती म्हणाली.

मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि ठरवलं. "हाच."

"तुझ्या मनाने सांगतेस ना?"

"हो."

"बघ बाई. मी मधे बोललेली नाही." आणि आम्ही दोघी खुशीत पैसे भरायला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याबरोबर कोल्हापूरची तीन कॉलेजातली मुलं होती. रॉकी सरांनी वाळूवर बोर्डाचं चित्र काढलं, एकदा उडी मारून दाखवली आणि म्हणाले, "चला!" मुलं पोहोचलीसुद्धा. सरांनी माझ्या घोट्याला बोर्डाचा पट्टा बांधून दिला आणि मला छातीभर पाण्यात नेऊन बोर्डावर पालथं घातलं. लाट आली. सरांनी मागून ढकललं. मी उठले की नाही आठवत नाही, पण पडले ते नक्की. बोर्ड उलटून नडगीवर आला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"अरे, बार्शीचं धरण फुटलं!" सर म्हणाले. मुलं हसली. मीही हसले.

पुढच्या लाटेला सरांनी कमरेच्या पिशवीतून फोन काढला. "हे शूट करायलाच पाहिजे." मी पडले. त्यांनी ते मुलांना दाखवलं, मग मलाही दाखवलं. माझा पाय आकाशात होता. मी त्या मुलांपेक्षा मोठ्याने हसले.

हे हसणं मला फार चांगलं जमायचं. पुण्यात शिकले होते. माझा नवरा मारणारा नव्हता, पिणारा नव्हता. फक्त मित्र जेवायला आले की मी बँकेत काय बोलले, गाडी कशी ठोकली, इंग्रजीची कशी वाट लावली, ते तो रंगवून सांगायचा. सगळे हसायचे. मी सगळ्यांत जास्त हसायचे, म्हणजे मला लागलंय हे कुणाला दिसत नाही. मग स्वयंपाकघरात जाऊन पोळ्या गरम करायचे.

तिसऱ्या की चौथ्या लाटेला बोर्डाचं टोक हनुवटीवर बसलं. तोंडात खारट आलं ते समुद्राचं नव्हतं. हात लावला तर रक्त.

"काही नाही, होतं असं," रॉकी सर म्हणाले. "उठा, उठा! तुमच्या आत्यांना गॅरंटी दिलीय मी."

आणि मी उठत होते. खरंच उठत होते. पैसे भरले होते, आत्याला क्लास आवडला होता, मुलं बघत होती, सर तसे वाईट नव्हते. सगळ्या गोष्टी जिथल्या तिथे होत्या, फक्त मला तिथे नको होतं. आणि नको वाटणं हे काही कारण नव्हे.

मग मला मोरपंखी रंग दिसला. आत्या पाण्यात आली होती. एका हातात चपला, दुसऱ्या हाताने निऱ्या धरलेल्या. आयुष्यात तिने समुद्रात पाऊल टाकलं नव्हतं. आदल्या दिवशी तर लाट जवळ आली की चार पावलं मागे सरायची. आता गुडघ्याच्या वर पाणी गेलं, एक लाट कमरेला आपटली, निऱ्या सुटल्या, तरी ती येतच राहिली. मला कळेना हसू की घाबरू. मीच बोर्ड ओढत तिच्याकडे गेले.

"आवडतंय का?" तिने विचारलं.

"अजून शिकतेय ना. जमेल हळूहळू."

"जमेल का ते नाही विचारलं. आवडतंय का?"

हा प्रश्न मला आमच्या घरात कधी कुणी विचारलाच नव्हता, त्यामुळे त्याची तयारी नव्हती.

"नाही," मी म्हणाले.

"मग चल."

"अगं, पैसे भरलेत."

"गेले."

"सगळे बघतायत, आत्या."

"त्यांना म्हणावं समुद्र बघा. तेवढ्यासाठीच आलेत की."

रॉकी सर पाणी तुडवत आले. "आजी, फी परत मिळणार नाही हां. शेडवर लिहिलंय बघा. एकदा भरली की परत नाही."

आत्या थांबली. मला वाटलं आता ती सरांना सोलून काढणार. भावात तिच्याशी कुणी टिकलेलं मी बघितलं नव्हतं. पण ती हळू आवाजात म्हणाली, "आमच्या दुकानातपण लिहिलंय तसं." आणि वाकून, डोळ्यांत पाणी जात असताना, माझ्या घोट्याचा पट्टा शोधायला लागली. तो तिला सुटेना. शेवटी मीच सोडला.

वाळूवर बसवून तिने ओल्या पदराने माझी हनुवटी पुसली.

"तू पुण्याहून फोन केला होतास," ती म्हणाली. "गॅलरीतनं. मागे गाड्यांचा आवाज येत होता."

लग्नानंतर काही महिन्यांनी मी तो फोन केला होता. तिला तो आठवत असेल असं मला वाटलं नव्हतं. मी म्हणाले होते, आत्या, मला इथे आवडत नाही. तिने विचारलं होतं, मारतो का? पितो का? पैसे देत नाही का? तिन्हींना मी नाही म्हटलं होतं. मग ती म्हणाली होती, अगं मग जुळवून घे की थोडं. आणि मी पुढची तीन वर्षं जुळवून घेतलं होतं.

"हो," मी म्हणाले. "केला होता."

"तू सांगत होतीस," आत्या म्हणाली, "आणि मी भलतंच विचारत बसले." मग ती रडली. आत्याला रडताना मी पहिल्यांदाच बघत होते, आणि ती रडतानाही माझी हनुवटी पुसत होती, त्यामुळे पदर फारच जोरात लागत होता. मी तिला ते सांगितलं. ती रडता रडता मला चापट मारून हसली.

दुपारी आम्ही किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला गेलो. सगुणच्या आईने आम्हाला लांबूनच ओळखलं. "परत इलास? बाय, सांगलंय मां तुमका..."

"लग्न ठरलंय, माहिताय," आत्या म्हणाली. "अभिनंदन. आता क्लासचं बोला."

सगुणने हनुवटी बघितली आणि आईला हळद आणायला सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळभर त्याने मला गुडघाभर पाण्यात पाडलं. पाठीवर पसरून कसं पडायचं, पडल्यावर दोन्ही हात डोक्यावर कसे धरायचे, बोर्ड आपल्या आणि लाटेच्या मध्ये कसा येऊ द्यायचा नाही. मधूनमधून तो बँडवाला किती मागतो ते सांगायचा. एकदा बोर्ड उलटून सरळ माझ्या डोक्यावर आला. मी डोळे घट्ट मिटले. काहीच झालं नाही. उशी लागावी तसा लागला.

मी ते ओरडून आत्याला सांगितलं. ती खोपीतून उठली, दुसरा निळा बोर्ड घेतला आणि आपल्याच कपाळावर आपटून बघितला. मग पेराने वाजवला. मग परत कपाळावर.

"अगं, मऊ आहे म्हणून वाजत नाही ती!" ती म्हणाली.

"वाजणारे नंतर, आजी," सगुण म्हणाला. "पडणाऱ्याक मऊच होयो."

आत्याने फळी जागेवर ठेवली. आयुष्यभराच्या धंद्यात हे गणित तिला कुणी शिकवलं नव्हतं.

शेवटच्या सकाळी मी उभी राहिले. फेसाळलेली छोटी लाट, सगुणचा हलका धक्का, गुडघे वाकलेले, हात कुठेतरी, आणि पायाखाली फळी चालू लागलेली. कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता, पण किनारा माझ्याकडे येत होता. मग मी पडले, पाठीवर पसरून, शिकवल्यासारखी, आणि वर आले ती मोबाइलमधल्या त्या बाईसारखी खो खो हसत. त्या हसण्यात काही झाकायचं नव्हतं. मला इतका आनंद झाला होता की तो सांगायला मी वाळूवरून धावतच आत्याकडे गेले.

"बघितलंस?"

आत्या सगुणच्या आईला लग्नात रुखवतावर कोणती भांडी मांडायची ते समजावून सांगत होती. "काय?"

"उभी राहिले!"

"मी समईचं सांगत होते. परत राहा की. आता बघते."

मी परत गेले. चांगली पाचसहादा पडले, आणि मग परत उभी राहिले. या वेळी तिने बघितलं. सगुणची आई टाळ्या वाजवत होती, आत्या दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी होती, नवीन माल उतरवून घेताना असते तशी.

परतीच्या एसटीला घाट लागला तेव्हा आत्या म्हणाली, "अकलूजचं काय?"

"नको," मी म्हणाले.

मी पुढची तयारी करून ठेवली होती. मुलीचं वय, पेट्रोल पंप, घर फार मोठं आहे, सगळी कारणं रचून ठेवली होती.

"बरं," ती म्हणाली.

थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "माणसं चांगली आहेत."

"असतील."

"बरं," ती परत म्हणाली, आणि पिशवीतला खाजा काढून अर्धा मला दिला. सोमवारी अकलूजला फोन तिनेच केला. वडील शेजारी उभे राहून खुणांनी 'का, का' विचारत होते. "पोरीला नको आहे," एवढंच तिने फोनवर सांगितलं, आणि वडिलांनाही तेवढंच.

याला आता बरीच वर्षं झाली. हनुवटीखालची खूण अजून आहे. दुकान आता मीच बघते आणि दर वर्षी दिवाळीनंतर चार दिवस ते बंद ठेवून समुद्रावर जाते. पण हे सगळं आठवलं की मला समुद्र आठवत नाही, अकलूजला फोन केला त्या आठवड्यातली एक सकाळ आठवते. मी दुकानात आले तर आत्या स्टुलावर चढली होती. देवाची तसबीर पुसून झाली होती. निळी पाटी तिने खिळ्यावरून काढून हातात घेतली होती आणि भिंतीवर तेवढाच चौकोन स्वच्छ राहिला होता.

वडील आत आले. "अगं, पाटी का काढतेस?"

"नको आता."

"नको काय? पाटी नसली तर लोक रोज माल परत आणतील की!"

"आणू देत," आत्या म्हणाली. तिने स्टुलावरून पाटी माझ्या हातात दिली आणि उतरायला माझ्या खांद्याचा आधार घेतला. "आपल्याच दुकानातनं गेलेला असतो ना?"